मँडोलिनची जुळणी प्रमाण की पर्यायी: दहा आठवड्यांच्या नोंदी

२७ एप्रिल २०२५, मिरज

भजनी मंडळात बरीच वर्षे पेटीची साथ केल्यानंतर मी मँडोलिन शिकायला घेतले आहे. यंदाची आषाढी एकादशी ६ जुलैला आहे आणि त्या दिवशीच्या भजनात चार अभंगांना तरी साथ करता यावी, एवढेच उद्दिष्ट ठेवले आहे. हातात बरोबर दहा आठवडे आहेत.

पहिलाच प्रश्न तारा कोणत्या स्वरांत लावायच्या हा आहे. मँडोलिनची प्रमाण जुळणी जी-डी-ए-ई अशी असते, म्हणजे जाड तारेकडून बारीक तारेकडे जाताना प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमात लागते. व्हायोलिनही नेमके असेच लावतात. पण ज्याचा कान तंबोऱ्यावर घडला आहे, त्याला सा-प-सा-प अशी जुळणी अधिक जवळची वाटते आणि कर्नाटक पद्धतीत व्हायोलिन तसेच लावले जाते. शिकताना बोटांना जे वळण लागते ते पुढे सहज मोडत नाही, म्हणून हा निर्णय आवडीवर न सोडता दोन्ही जुळण्या काही आठवडे वाजवून पाहणार आहे. त्यासाठीच या नोंदी.

२९ एप्रिल

वाद्याची मोजमापे आधी लिहून ठेवतो. आठ तारा, चार जोड्या, प्रत्येक जोडी एकाच स्वरात. मेरूपासून (खुंट्यांकडच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) घोडीपर्यंत (दुसऱ्या टोकाला तारा पेलणारा आधार) तारेची लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर. तारांचा संच ११, १५, २६ आणि ४० असा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात तारेची जाडी. चौथी जोडी १९६ हर्ट्झ, तिसरी २९४, दुसरी ४४० आणि पहिली ६५९. व्हायोलिनप्रमाणे सर्वांत बारीक तारेला पहिली म्हणत आहे.

पहिल्या जोडीतील प्रत्येक तारेवर सुमारे दहा किलोंचा ताण असतो आणि आठही तारांचा मिळून दीडशे पौंडांहून अधिक. एवढा भार वाद्याच्या पातळ तबलीवर, म्हणजे वरच्या लाकडी फळीवर, नुसत्या टेकवलेल्या घोडीतून उतरतो. ही घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच जागेवर राहते. म्हणून सगळ्या तारा एकदम सैल करायच्या नाहीत, एकेक जोडी बदलायची, हे पहिल्या पानावरच लिहून ठेवले आहे.

४ मे

प्रमाण जुळणीत पहिला आठवडा झाला. आज जे हाती लागले ते पेटीवर इतकी वर्षे काढूनही कधी जाणवले नव्हते.

तिसऱ्या तारेला, म्हणजे डी ला, षड्ज मानले की चार तारा अनुक्रमे मंद्र मध्यम, षड्ज, पंचम आणि तार रिषभ अशा होतात. आता सा, रे, ग, म हे चार स्वर तिसऱ्या तारेवर मोकळी तार आणि दुसरा, चौथा, पाचवा पडदा असे येतात, तर प, ध, नि, सां दुसऱ्या तारेवर अगदी त्याच पडद्यांवर येतात. बिलावलचे पूर्वांग एका तारेवर, उत्तरांग शेजारच्या तारेवर आणि बोटांचा ठसा दोन्हीकडे एकच. भैरवात तो मोकळी, पहिला, चौथा, पाचवा असा होतो, काफीत मोकळी, दुसरा, तिसरा, पाचवा आणि भैरवीत मोकळी, पहिला, तिसरा, पाचवा. या चारही थाटांत वरची तार खालच्या तारेची हुबेहूब नक्कल असते. खमाज आणि आसावरीत दोन तारांवर दोन निरनिराळे ठसे पडतात, पण तेही याच ओळखीच्या ठशांतले. तीव्र मध्यमाच्या थाटांत फक्त पूर्वांगाचे शेवटचे बोट एक पडदा पुढे सरकते. पूर्वांग-उत्तरांग हे शब्द आपण गाण्याच्या वर्गात पाठ करतो, पण ते डोळ्यांना दिसतात ते असे, दोन शेजारच्या तारांवर.

७ मे

पुतणी पाश्चात्य व्हायोलिन शिकते. तिने मँडोलिन हातात घेतले आणि पाच मिनिटांत सरगम वाजवली, कारण तिची बोटे हीच जागा ओळखतात. "काका, हे माझंच आहे की, फक्त पडदे आयते मिळालेत," ती म्हणाली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत मूळचे मँडोलिनवादक आणि प्यारेलाल व्हायोलिनवादक होते, ते एकदम आठवले. ही दोन्ही वाद्ये एकाच जुळणीत लागतात. प्रमाण जुळणीच्या बाजूने हे एक वजनदार कारण म्हणून नोंदवतो: व्हायोलिनसाठी लिहिलेला प्रत्येक धडा मँडोलिनवर जसाच्या तसा चालतो.

११ मे

अडचण सापडली. तार सप्तकात ठसा मोडतो. पहिली तार मोकळी वाजवली की शुद्ध रिषभ येतो, त्यामुळे तार षड्जानंतरचा प्रवास मोकळ्या तारेवरच्या षड्जापासून सुरू न होता मध्येच रिषभापासून सुरू होतो. शुद्ध रिषभाच्या रागात हे निभते. भैरव आणि भैरवीत मात्र तार कोमल रिषभ पहिल्या तारेवर मिळतच नाही, तो दुसऱ्या तारेच्या सहाव्या पडद्यावर घ्यावा लागतो. पाचव्यावरून सहाव्यावर आणि लगेच पहिल्या तारेवर गंधाराला उडी, यात सलगपणा राहत नाही. संध्याकाळी दीड तास एवढीच जागा घोटली. हात दुखला, जागा बसली नाही.

१८ मे

आज जुळणी बदलली. दुसरी जोडी ए वरून जी वर आणि पहिली ई वरून डी वर उतरवली. आता वाद्य जी-डी-जी-डी झाले आहे, म्हणजे चौथ्या तारेला षड्ज मानून सा-प-सा-प. एक पूर्ण स्वर उतरला की तारेवरचा ताण सुमारे २१ टक्के कमी होतो, कारण ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. याउलट अमेरिकेतल्या जुन्या ग्रामीण फिडलवादकांची ए-ई-ए-ई ही जुळणी करायची तर खालच्या दोन जोड्या स्वरभर चढवाव्या लागतात आणि त्यांच्यावरचा ताण २६ टक्क्यांनी वाढतो. ती नव्या वाद्यावर करणार नाही.

दुसरी जोडी सैल झाल्याने खरखर येऊ लागली. घोडीची चाके पाव फेरा फिरवून तारा जरा उचलल्या, तेव्हा ती थांबली. पण सैल तार दाबताना स्वर अधिक चढतो, त्यामुळे बाराव्या पडद्यावरचा स्वर मोकळ्या तारेच्या सप्तकाशी जुळेना आणि घोडी केसभर मागे घ्यावी लागली. जुळणी बदलणे म्हणजे नुसत्या खुंट्या फिरवणे नव्हे, हे यावरून कळले.

२१ मे

जोड्या एकजीव लावण्याचा सराव आता कानाने करतो, मोबाइलवरचे यंत्र बंद ठेवून. एक तार ४४० आणि जोडीची ४४१ असेल तर सेकंदाला एक लहर येते. लहर हळू होत होत विरून गेली की दोन तारांची एक तार होते. तो क्षण ऐकण्यासारखा असतो. आवाज वाढत नाही, पण त्याच्यातली थरथर नाहीशी होते आणि स्वर आतून स्थिर होतो. तंबोऱ्याची जोड लावताना जे समाधान मिळते, तेच इथे मिळाले.

२५ मे

सा-प-सा-प मध्ये वाद्य जागे होते, हे मान्य केलेच पाहिजे. एका तारेवर स्वर वाजला की बाकीच्या तारा न छेडताही हलकेच बोलतात. खालच्या दोन तारांवर एक सप्तक, वरच्या दोन तारांवर तेच सप्तक, ठसा तोच. भैरवातला तार कोमल रिषभ आता पहिल्या पडद्यावर बोटाखाली आयता येतो.

पण याच मोकळ्या गुंजनात दुसरी गोष्ट उघडी पडते. चौथ्या पडद्यावरचा गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटनी (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा आहे. पेटीतही तो तसाच असतो आणि आपण तो कान मिटून स्वीकारतो. इथे षड्ज-पंचम सतत घुमत असल्याने तो टोचतो. पडदे समविभागी सप्तकाच्या हिशेबाने ठोकलेले असतात आणि कोणतीही जुळणी त्यांना जागेवरून हलवू शकत नाही. सतारीचे पडदे सरकवता येतात, याची किंमत आज कळली.

१ जून

सैल झालेल्या तारांवर मींड, म्हणजे तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग जाणे, घेऊन पाहिली. तार बाजूला ओढली की स्वर चढतो, पण इथे एक नव्हे, दोन तारा एकत्र ओढाव्या लागतात. त्या सारख्या चढत नाहीत, जोडी फाटते आणि मींडेच्या शेवटी दोन वेगळे स्वर ऐकू येतात. अर्ध्या स्वरापलीकडे मला तरी ते जमले नाही. उप्पलापू श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतासाठी विजेचे मँडोलिन घेतले, जोड्यांऐवजी एकेरी तारा लावल्या आणि पाचवी तार वाढवली. त्यामागचे कारण बोटांनी समजून घेतल्यावर त्या निर्णयाबद्दलचा आदर वाढला. संगीतकार सज्जाद हुसेन यांनी मुंबईत मँडोलिनवर राग वाजवले, ते ऐकून हे वाद्य घ्यावेसे वाटलेल्यांपैकी मी एक आहे. मींड हवी म्हणून जुळणी बदलण्यात अर्थ नाही, हा या आठवड्याचा निष्कर्ष. तो प्रश्न तारांच्या संख्येचा आणि हाताच्या तयारीचा आहे. मी तूर्त घसीटीवर, म्हणजे बोट तारेवरून घासत नेण्यावर, काम भागवणार.

८ जून

मंडळाच्या तालमीला पहिल्यांदा मँडोलिन नेले आणि फजिती झाली. ती सविस्तर लिहितो, कारण प्रकल्पाची दिशा इथेच बदलली.

मंडळात मुख्य गाणारे बुवा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज मानून, गातात. माझा षड्ज जी, म्हणजे पांढरी पाच. मी घरी सहा आठवडे माझ्या सोयीच्या षड्जावर वाजवत होतो आणि पेटीवर ज्या गोष्टीचा विचार पट्टी बदलून एका क्षणात होतो, ती इथे विसरलो होतो. काळी एकचा षड्ज चौथ्या तारेच्या सहाव्या पडद्यावर गेला. मोकळ्या तारा, ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला होता, त्या बुवांच्या षड्जाच्या हिशेबाने तीव्र मध्यम आणि कोमल रिषभ झाल्या. अभंग रंगात असताना नखी चुकून मोकळ्या जोडीला लागली आणि शुद्ध मध्यमाच्या चालीत तीव्र मध्यम खणखणीत वाजला. बुवांनी डोळे उघडले, काही बोलले नाहीत. मी वाद्य मांडीवर आडवे ठेवले आणि उरलेल्या वेळात टाळ धरले.

१० जून

घरी प्रमाण जुळणीवर परत आलो. बुवा कधी कधी काळी दोन धरतात, म्हणून सगळ्या तारा अर्धा स्वर चढवून तिसरी तार काळी दोनवर आणावी असे ठरवले. पहिली जोडी एफ ला पोहोचता पोहोचता एक तार घोडीजवळ तुटली. पावसाळी हवेत तिथे गंज धरला होता, तो मी पाहिला नव्हता. तुटलेल्या टोकाने अंगठा कापला.

तंतुवाद्ये बनवणाऱ्या एका ज्येष्ठ कारागिरांकडे वाद्य दाखवायला गेलो. आमच्या गावात त्यांची गल्लीच आहे आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. चाचांनी मँडोलिन उलटसुलट करून पाहिले, घोडीच्या खाचेत पेन्सिलीचे शिसे घासले आणि म्हणाले, "ओढून जुळवू नका, उतरवून जुळवा. गळ्याखाली जाऊन उभं राहायचं, गळ्याच्या डोक्यावर नाही."

१२ जून

अर्धा स्वर खाली. तारांवरचा ताण सुमारे ११ टक्के कमी झाला, वाद्य मऊ बोलू लागले आणि तिसरी तार थेट काळी एक झाली. बुवांचा षड्ज मोकळ्या तारेवर आला. बुवांनी काळी दोन धरली तर सगळा ठसा दोन पडदे पुढे सरकवायचा: दुसरा, चौथा, सहावा, सातवा, आणि शेजारच्या तारेवरही तेच. प्रमाण जुळणी म्हणजे जी, डी, ए, ई हे चार ठरावीक स्वर असा माझा समज होता, तो चुकीचा निघाला. तारांमधले पंचमाचे नाते जपले की ती प्रमाणच राहते, मग पट्टी कोणतीही असो.

१५ जून

तार कोमल रिषभाची जुनी अडचण मात्र परत आली. म्हणून मधला मार्ग म्हणून फक्त पहिली जोडी आणखी एक स्वर उतरवली. आयरिश बुझुकी या मँडोलिनच्याच कुळातल्या मोठ्या वाद्यावर जी-डी-ए-डी अशी जुळणी सर्रास असते, तिचेच हे अर्धा स्वर उतरवलेले रूप. तारा झाल्या मध्यम, षड्ज, पंचम, तार षड्ज. पूर्वांग तिसऱ्या तारेवर, उत्तरांग दुसऱ्या तारेवर, तार सप्तकाचे पूर्वांग पहिल्या तारेवर. दोन पडदे सरकवले तरी ठसा मोडत नाही. हीच वाजवत राहिलो आणि खरे सांगायचे तर निर्णय झाला असे मनाशी ठरवून टाकले. चौथी जोडी चढवून प-सा-प-सा करण्याचाही विचार केला होता, पण मंद्र मध्यम हातचा जातो आणि चढवण्याचे नाव आता नको.

हवेतल्या ओलाव्याने तबली फुगून तारा उंच झाल्या आहेत. घोडीची चाके परत पाव फेरा खाली घेतली.

२२ जून

निर्णय फिरला. एकादशीला महिला मंडळही आमच्यासोबत बसते आणि आज दोघांची एकत्र तालीम होती. बुवांचे दोन अभंग उत्तम गेले. मग मावशींनी गायला सुरुवात केली, त्या काळी चारमध्ये गातात. काळी चारचा षड्ज माझ्या दुसऱ्या मोकळ्या तारेवर होता, पण त्यापुढे पहिली तार मध्यमाची निघाली. उत्तरांग तिच्या दुसऱ्या पडद्यापासून सुरू करावे लागले. डोक्याने ते समजत होते, बोटे मात्र पंचम शोधत मोकळ्या तारेवर जात होती आणि प्रत्येक वेळी मध्यम वाजत होता.

पहिले कडवे संपून टाळांचा गजर सुरू झाला, तेव्हा त्या आवाजाच्या आडोशाने पहिल्या जोडीच्या दोन्ही खुंट्या फिरवल्या आणि तार एक स्वर वर घेतली. कान वाद्याच्या पोटाला लावून लहर विरेपर्यंत थांबलो. दुसऱ्या कडव्याला हात ठेवला तर सगळे जागेवर होते. सा, रे, ग, म दुसऱ्या तारेवर, प, ध, नि, सां पहिल्या तारेवर, बुवांसाठी तिसऱ्या-दुसऱ्या तारेवर वाजवलेला तोच ठसा, फक्त एक तार वर. मंद्रातही तेच: बुवांना चौथी तार मध्यम देत होती, मावशींना तिसरी देते.

घरी येऊन पेटी उघडली आणि पट्ट्या मोजल्या. काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार. काळी दोनचा पंचम म्हणजे काळी पाच. आपल्याकडे पुरुष ज्या पट्ट्यांत सर्रास गातात आणि स्त्रिया ज्या पट्ट्यांत गातात, त्यांच्यात नेमके पंचमाचे अंतर आहे आणि प्रमाण जुळणीच्या दोन शेजारच्या तारांतही तेवढेच. वाद्य दोघांच्या गळ्यापेक्षा एक सप्तक वर वाजते, पण साथीला ते खटकत नाही. पेटीवर दोन्ही पट्ट्यांची बोटे वेगळी बसवावी लागतात, इथे हात एक तार सरकतो एवढेच. परदेशांतल्या पर्यायी जुळण्या त्यांच्या जागी रास्तच आहेत, कारण तिथे एकेका चालीचा सूर ठरलेला असतो आणि तिला मोकळ्या तारांचे गुंजन हवे असते. आमचा षड्ज गाणाऱ्याप्रमाणे जागा बदलतो. ज्याला गळ्याची साथ करायची आहे, त्याने शिकताना पंचमाचे नाते सोडू नये, असे माझे मत झाले आहे.

२४ जून

निर्णय: प्रमाण जुळणी, अर्धा स्वर उतरवून. पहिली जोडी उतरवलेली जुळणी घरी एकट्याने भैरव वाजवण्यापुरती, तीही एकादशीनंतर. जी-डी-जी-डी पूर्ण सोडत नाही. तिसऱ्या तारेला षड्ज मानले की तिच्यात म-सा-म-सा मिळते आणि मालकंसात पंचम वर्ज्यच असल्याने ती तिथे फार शोभेल. ते पुढच्या वर्षी.

२९ जून

तार कोमल रिषभासाठी आता अनामिका पाचव्या पडद्यावर आणि करंगळी सहाव्यावर. गेल्या महिन्यात दोन्हीसाठी एकच बोट सरकवत होतो, तीच चूक होती. दररोज शंभर वेळा सां-रे॒-सां. आज सत्तराव्या वेळेनंतर आवाज तुटेनासा झाला.

६ जुलै, आषाढी एकादशी

चार ठरवले होते, सहा अभंगांना साथ झाली. तिसऱ्या अभंगाला बुवांनी आयत्या वेळी काळी दोन धरली. दोन पडदे पुढे सरकलो, फक्त मोकळ्या तारांना नखी लागू नये म्हणून जोर आवरता घेतला. भैरवीला तार कोमल रिषभ तीनदा आला. दोनदा नीट लागला, एकदा करंगळी पडद्याच्या मागे पडली आणि तार खरखरली. मावशींनी गाताना एकदा माझ्याकडे पाहून मान हलवली. पावसाने दुसरी जोडी दोनदा उतरली, दोन्ही वेळा गजरात लावून घेतली.

८ जुलै

तारा कोरड्या फडक्याने पुसून काढल्या. पहिल्या जोडीवर घोडीजवळ पुन्हा गंजाचे ठिपके दिसले, ती उद्या बदलायची. पुतणीला मावशींचे दोन अभंग व्हायोलिनवर बसवायला दिले आहेत. ती तारा अर्धा स्वर उतरवायला तयार आहे, तिच्या शिक्षकांना आधी विचारायचे आहे.